साल्टर म्हणजे कोण

करावे गावात मालतीबाई साल्टर लग्न होऊन आल्या, त्या दिवसापासून त्यांची एकच थट्टा होत असे. "साहेबाची सून ना तू? मंग रंग असा कसा?" असे विचारून शेजारणी हसत. कोणा इंग्रज साहेबाने सासऱ्यांच्या आजोबांना हे आडनाव दिले, एवढेच घरात ठाऊक होते. उरलेले गावाने आपल्या मनाने जोडले होते.

यंदा नात सोनल हिचे लग्न उलव्याच्या मितेशशी ठरले. पत्रिकेचा मजकूर पाहण्यास मितेश व त्याचे काका गोटीराम आले. काकांचे बोट आडनावावर थांबले.

"विहीनबाई, हा नाव बदला. तुमच्या माहेरचा ठाकूर लावा. लोक बोलतील, पोरीत साहेबाचा रगत हाय."

"नाय बदलला तर?"

"तर आमाला इचार करावा लागंल."

सोनलने मान खाली घातली. मालतीबाई उठल्या आणि प्रौढ वर्गाची वही घेऊन आल्या. सदुसष्टाव्या वर्षी त्या अक्षरे शिकल्या होत्या. शिक्षिका स्मिताबाईंकडून त्यांनी इंग्रजी शब्दकोशात आपले आडनाव शोधून घेतले होते आणि अर्थ स्वतःच्या हाताने उतरवला होता. एकेका अक्षरावर बोट ठेवून त्यांनी तो वाचला.

"साल्टर. मीठ पिकवणारा. मीठ विकणारा."

"मंग?"

"आगरात मीठ पिकवतो तो कोन? आगरी! साहेबानं इचारला असंल, तू कोन? आमचा मानूस बोलला असंल, आगरी. साहेबानं त्याच्या भाषेत लिवला. आता तुमी सांगा, तुमी कोन?"

"आमी पन आगरीच."

"मंजे तुमी पन साल्टर. फक्त तुमच्याकडं साहेब आला नाय लिवायला."

मितेश खो खो हसला. काका संतापले. "हा अर्थ लोकांना कोन सांगनार?"

"मी सांगीन. आनि अर्थ वाईट निघाला असता, तरी नाव बदलला नसता. माझा नवरा याच नावानं चालीस वर्सं मिठागरात उभा र्‍हायला. तुमाला लाज वाटत असंल, तर सोयरीक मोडा."

सोनलने मान वर केली. "आजी बोलली तेच माझा पन."

"काका, पत्रिका हाय तशीच छापायची," मितेश म्हणाला.

गोटीराम चहा न घेता गेले. मालतीबाईंनी कच्चा मजकूर पुढे ओढला आणि छापखान्यासाठी समासात सावकाश लिहिले : आडनाव मोठ्या अक्षरात घ्यावे.