गेर्लिंडेचा मसूर आणि पिंपातली वाइन

गेर्लिंडे हाउगला कुणी नावं ठेवली तर ती हसून सोडून द्यायची. पण तिच्या धाकट्या भावाला ठेवली की संपलंच. शाळेत एबरहार्डला चिडवणाऱ्या पोराला तिनं सरळ नेकार नदीत ढकललं होतं. तो पोरगा म्हणजे ट्राउगोट. आता त्याला टक्कल पडलंय, आणि हाउगांच्या दाराला झाडू टांगला की पहिलं गिऱ्हाईक तोच.

झाडू टांगला म्हणजे घरची वाइन प्यायला नि जेवायला घर गिऱ्हाइकांना उघडं. वर्षातून थोडेच आठवडे. शेडमधला ट्रॅक्टर बाहेर, बाकं आत. वाइन भावाच्या द्राक्षमळ्यातली, रांधणं बहिणीचं. गेर्लिंडे आधी बटणांच्या कारखान्यात होती. लग्न केलं, ते मोडलं. कारखाना बंद पडला. तिला कशाचंच फार वाईट वाटलं नाही. मसुराच्या पातेल्याला मात्र ती कुणाला हात लावू द्यायची नाही. अख्खा मसूर, बाजूला पिठाच्या जाड शेवया नि सॉसेज, आणि मसुरात व्हिनेगर सढळ हातानं. त्या मसुरासाठी लोक टेकडी ओलांडून यायचे.

यंदा एबरहार्डनं नवंच काढलं. लेम्बर्गर आणि बुर्गुंडर द्राक्षांचा मेळ घालून वाइन ओकच्या पिंपात दोन हिवाळे निजवली. बापानं जन्मात असलं केलं नव्हतं.

"लोकांना नाही आवडली ना ताई, तर पिंपं अर्धी कापतो नि त्यात फुलझाडं लावतो," तो म्हणाला. "मग आपली रोजची हलकी ट्रोलिंगर वाइनच बरी."

म्हणाला हसत. पण पिंपांशी बोलत बसणारा माणूस होता तो. हसणं खोटं होतं हे गेर्लिंडेला कळलं.

पहिल्याच दुपारी ट्राउगोटनं मसूर चापला, नव्या वाइनचा घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"एबर, वाइन पितोय का लाकडी कपाट चाटतोय रे मी?"

अख्खं बाक खिदळलं. "कपाट बरं," शेजारची हिल्ट्रूड म्हणाली. "हे नुसतं कडू!"

एबरहार्डही हसला. मग गुपचूप मागच्या अंगणात गेला, करवत शोधायला.

"ट्राउगोट्या, नदी अजून तिथंच आहे हं!" गेर्लिंडे कडाडली.

"अगं मग तूच पी की!"

प्यायली. सकाळी भाजलेल्या मांसाचा तुकडा खाऊन हीच वाइन प्यायली होती, तेव्हा कशी काळ्या चेरीसारखी, जराशी धुरकट लागली होती. आता मसुराचा घास खाऊन प्यायली तर, शी! जीभच आवळली. तिनं पाव खाल्ला, परत प्यायली. छान. परत मसूर. परत शी.

वाइनचा दोष नव्हता. व्हिनेगरचा होता. तिच्या व्हिनेगरचा.

गप्प बसली असती तर कुणाला कळलंही नसतं. मसुराचं नाव राहिलं असतं, भावाचं गेलं असतं.

"ऐका रे!" ती ओरडली. "घाण माझा मसूर करतोय, त्यातलं व्हिनेगर! पिंपातली वाइन ज्याच्यापुढं, त्याची थाळी इकडं!"

"मग मसुरातलं व्हिनेगर काढ ना," हिल्ट्रूड म्हणाली.

"आधी तुझी जीभ काढते."

ट्राउगोट थाळी सोडेना. दोघांची ओढाओढ झाली, शेवया त्याच्या मांडीवर सांडल्या, पण थाळी गेर्लिंडेनं जिंकली. त्याच्यापुढं तिनं कुरकुरीत कांदा घातलेलं भाजलेलं बीफ आदळलं. तो चावत राहिला. प्यायला. परत चावत राहिला. अख्खं बाक त्याच्या तोंडाकडं बघत होतं.

"वाईट नाही," तो म्हणाला आणि रिकामा ग्लास पुढं सरकवला.

इथला माणूस याच्यापेक्षा मोठं कौतुक मेला तरी करत नाही. लगेच हिल्ट्रूडनंही बीफ मागितलं.

गेर्लिंडे धावत अंगणात गेली. "चल वाढायला. तुझी वाइन मागतायत."

"माझं मन राखायला खोटं बोलू नकोस, ताई."

"अरे गाढवा, सगळ्यांदेखत मी माझ्या मसुराला घाण म्हटलंय! आणखी काय करू?"

एबरहार्डनं करवत खाली ठेवली. मग उठला.

त्या शरदात पिंपं पुन्हा काठोकाठ भरली. दाराशी आता गेर्लिंडेनं खडूनं लिहिलेली पाटी असते: पिंपातल्या वाइनबरोबर मसूर मिळणार नाही, वाद घालू नये. ट्राउगोट रोज घालतो.