मला भिडू म्हणायचे

कोल्हापुरात तालमीच्या फुटबॉल संघातून खेळायचो तेव्हा गोल मारण्यात माझा हात, म्हणजे पाय, धरणारा कुणी नव्हता. त्याच जोरावर, साठ साल उजाडायच्या आधी, बंगलोरच्या एका सरकारी कारखान्यानं मला नोकरी दिली. कागदावर फिटर, खरं काम सेंटर फॉरवर्डचं.

संघातले बाकीचे दहाही जण कन्नड नाहीतर तमिळ बोलणारे. मला दोन्हींचा गंध नाही. सामना संपला की ते घोळक्यानं हसत-खिदळत निघायचे आणि मी बूट गळ्यात अडकवून एकटाच खोलीवर. बोलायला माणूस नसलं की काय हाल होतात, ते मला विचारा! रविवारी तर मी चक्क भिंतीशी मराठी बोलायचो.

पण मी चेंडू घेऊन गोलाकडं सुटलो, की माझ्या उजव्या हाताला पळणारा आमचा इनसाइड राइट जीव तोडून ओरडायचा, “बिडू! बिडू!” आयला, काय हुरूप यायचा! उच्चार जरा कच्चा, पण गडी मला भिडू म्हणतोय! भिडू म्हणजे आपल्या डावातला, आपला माणूस. मी आणखी जोरात पळायचो आणि हाणायचो. पहिल्याच मोसमात गोलांचा नुसता खच पाडला. आईला पत्रात कळवलं, इथं मला भिडू म्हणतात, काळजी करू नकोस.

माझी घरमालकीण पिढ्यान्‌पिढ्या इथलीच मराठी. तिला सगळे अक्का म्हणत. एकदा मोठ्या कौतुकानं मी हे अक्कांना सांगितलं, तर त्या पोट धरून हसल्या.

“अय्यो, खुळा की काय तू! कन्नडात बिडु म्हणजे सोड. चेंडू सोड, स्वल्प मलापण मारू दे, म्हणतोय तो!”

मीही हसलो. पण आईला हे काही कळवलं नाही.

पुढच्या सामन्यात त्याची हाक आली तसा मी चेंडू सोडला. त्यानं गोल मारला. सगळे त्याच्या गळ्यात पडले, माझ्याकडं कुणी बघितलंसुद्धा नाही. नंतर सामनाभर मी गुमान चेंडू देत राहिलो आणि तो एकदाही ओरडला नाही. ओरडेल कशाला?

त्याच्या पुढच्या सामन्यात मी मुद्दाम चेंडू पायात धरून ठेवला. तो लगेच ओरडायला लागला. मी सोडला नाही. पुढं सात-आठ वर्षं कधीच सोडला नाही. संघात सगळ्यात जास्त गोल माझे. लोक म्हणायचे, हावरा आहे. म्हणू देत. त्या अख्ख्या मैदानावर मला हाक मारणारं दुसरं कुणी नव्हतं.