आईचा पुढं येणारा हात

माझ्या लग्नाचं शूटिंग थ्री-डी करायचं, हे अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, परस्पर ठरवून टाकलं. शूटिंगवाल्यानं गळ घातली आणि अण्णा भुलले. शिवाय त्यांच्या छावणी भागातल्या घरात तसला टीव्हीही आणून बसवला. मी भयंकर चिडले होते. पण आई गेल्यावर त्याच शूटिंगनं अण्णांना सावरलं, हे मान्य करायलाच हवं.

त्यात आई, बौद्ध लग्नात नेसतात तशा पांढऱ्या साडीत, हसत, कॅमेऱ्यापुढं लाडू धरते. टीव्हीबरोबर आलेला काळा चष्मा लावला की तिचा हात पडद्याबाहेर यायचा. अण्णा रोज चहा पिताना तेवढंच बघायचे, कधीकधी तोंडही उघडायचे.

यंदा त्या टीव्हीचा पडदा गेला. तसले टीव्ही आता बनतच नाहीत, असं सगळ्या दुकानांतून ऐकून आले. तरी हट्टानं नवा, मोठा घेतला आणि पेनड्राइव्ह लावला. पडद्यावर आई दोनदा, शेजारी शेजारी, दोन्हीकडं चेपून बारीक झालेली. एक चित्र डाव्या डोळ्याचं, एक उजव्याचं. जुना टीव्ही ती आळीपाळीनं भराभर दाखवायचा आणि त्याच्या इशाऱ्यावर चष्मा एकेक डोळा झाकायचा. आता इशारा देणारंच कुणी नव्हतं. अण्णा तरीही चष्मा लावून बसले.

"ह्यातली कोणती बघू गं?" त्यांनी विचारलं.

मी एक चित्र कापून, ताणून नीट करून आणलं. आई छान दिसत होती. पण हात पुढं येत नाय, अण्णा म्हणाले. ते बरोबरच होतं. मला रडूच आलं.

मग कुठंतरी वाचलं, की डोळे चकणे केले तर शेजारची दोन चित्रं एक होतात. अण्णांच्या शेजारी बसून मी करून बघितलं. कपाळ ठणकलं, पण दोघींच्या मधोमध खरंच एक आई उभी राहिली. फक्त असं बघताना डाव्या डोळ्याचं चित्र उजव्याला मिळतं आणि सगळं उलटं होतं. तिचा हात पुढं न येता आत जात होता. लाडू तिच्याही मागं, खोल गेला.

"आला का हात?" अण्णांनी विचारलं.

माझ्याच्यानं नाही म्हणवेना. आला, मी म्हणाले.

"मग मलाबी शिकव," ते म्हणाले, आणि चष्मा काढून डोळे नाकाकडं वळवायला लागले.