उसाखाली गेलेली स्कूटर

फोनवर तुम्ही दोघं विचारता, आजी, तुझी हिरवी स्कूटर कुठे गेली? मी "मोडली" एवढंच म्हणते आणि विषय बदलते. तोंडाने सांगवत नाही. म्हणून लिहिते आहे.

ती गाडी मी निवृत्तीनंतर घेतली. वरवंडच्या एका शाळेत इंग्रजी शिकवायला बोलावणं आलं होतं आणि केडगावहून वेळेवर काही मिळेल याची खात्री नसायची. बॅटरीवरची ही स्वस्तातली स्कूटर चालवायला लायसन लागत नाही, असं दुकानदार म्हणाला. सायकलपेक्षा थोडी जोरात पळायची, इतकंच. तुमच्या आजोबांना ती पटली नाही. चहाला येईल त्याला ते माझ्यादेखत सांगायचे, "लेकराचं खेळणं घिऊन बाई हायवेला निघाल्यात." मागे बसून चला म्हटलं, की म्हणायचे, लोक हसत्याल.

गाडी मोडली त्याच्या आदल्या रात्रभर वीज नव्हती. बॅटरी अर्धीच भरली होती. पण मुलांची चाचणी होती आणि उशिरा जाणं मला जमत नाही, तुम्हाला ठाऊक आहे. थंडी होती, समोरून वारा होता. चौफुला ओलांडून हायवेच्या कडेने थोडी पुढे गेले आणि गाडी हळू होत होत थांबली.

तेवढ्यात आमच्या वाडीतले चाचा भाजीचा टेम्पो घेऊन मागून आले. त्यांच्या तिन्ही मुली माझ्या हाताखाली शिकल्या. ते म्हणाले, बाई, बॅटरी काढा, शाळेत लावा, संध्याकाळी येऊन गाडी घेऊन जा. बॅटरी त्यांनीच उचलून टेम्पोत ठेवली. मी स्कूटर रस्त्यापासून बरीच आत, बांधाला लागून उभी केली, कुलूप लावलं, हेल्मेट तिलाच अडकवलं. चाचांनी मला शाळेच्या फाटकाशी सोडलं आणि ते दौंडच्या बाजाराला गेले.

शाळेत सगळ्या शिक्षकांचे फोन सकाळी कपाटात जातात. ते कपाट मधल्या सुट्टीला उघडतं. हा नियम मीच आग्रह धरून लावून घेतला होता.

सुट्टीत फोन हातात घेतला तर आजोबांचे कॉलवर कॉल येऊन गेलेले. ते मला कधी फोन करत नाहीत. मी लावला, तर उचलेनात. शेजारणीला लावला, तिचाही उचलला जाईना. शाळेच्या क्लार्कला म्हटलं, मला घरी सोडा. त्यांच्या मोटारसायकलवर मी निघाले तेव्हा मनात एकच होतं, आजोबांना काहीतरी झालं.

चौफुल्याच्या अलीकडे वाहनं खोळंबली होती. मी उतरून चालत पुढे गेले. कारखान्याकडे निघालेला उसाचा ट्रॅक्टर कडेला घसरला होता आणि मागची ट्रॉली बांधावर उलटली होती. घराएवढा उसाचा ढीग पडला होता. पाच-पंचवीस माणसं मोळ्या ओढून बाजूला टाकत होती. डोक्यावर पदर घेतलेली एक बाई उभी होती. मी तिला विचारलं, काय झालं?

ती ढिगाकडे बघतच बोलली. "केडगावच्या बाई घावल्यात खाली. त्या स्कुटीवाल्या. मास्तरीण."

मला ऐकू आलं, पण कळलं नाही. मी पुन्हा विचारलं, कोण?

"हेल्मेट दिसतंय की तिचं. डायवर भिऊन पळाला, कुणाला इचारायचं? जेसीबी आलाय, पर बाईंचा नवरा लावू देईना. म्हन्तो, खाली माणूस हाय, लोखंड घालायचं न्हाई."

मग मला ढिगावरचे आजोबा दिसले. टोपी नव्हती. ते दोन्ही हातांनी ऊस उपसून मागे फेकत होते. दोघे जण त्यांना खाली उतरवायला बघत होते आणि ते त्यांना कोपराने ढकलत होते. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. घरात ते दोन पायऱ्या चढताना कठड्याला धरतात.

मला हाक मारता येईना. आपण जिवंत आहोत हे ओरडून कसं सांगायचं? मी गर्दीतून पुढे गेले. मला ओळखून एक पोरगी किंचाळली आणि माणसं बाजूला सरली. मी ढिगापाशी जाऊन म्हटलं, "अहो."

त्यांनी वळून बघितलं. माझ्या तोंडाकडे, मग माझ्या पायांकडे, ते उलटे तर नाहीत ना असं. आणि पुन्हा खाली वाकून त्यांनी आणखी एक ऊस उपसला, फेकला, आणखी एक उपसला. मला वाटलं, मी त्यांना दिसलेच नाही. शेवटी क्लार्कने वर चढून त्यांचे हात धरले, तेव्हा ते खाली बसले आणि तिथूनच मला म्हणाले, "फोन का उचलंना?"



उसाचं पाचट पात्यासारखं कापतं. त्यांचे हात तळव्यांपासून कोपरापर्यंत चिरले होते. घरी मी ते कोमट पाण्याने धुतले, हळद लावली. त्यांना भाकरी मोडता येईना, मी घास भरवला. लग्नानंतर इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

तिन्हीसांजेला चाचा धावत आले. बाजारात त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की बाई गेल्या. मला ओसरीवर बघून ते खांबाला धरून खालीच बसले. आजोबांनी त्यांना जवळ बोलावलं.

"तुमी सोडलं का हिला शाळंत?"

"व्हय आबा. फाटकापाशी."

"म्हंजी ट्रॅक्टर पलटी झाला तवा ही गाडीवर नव्हती?"

"न्हाई आबा. तवा बाई वर्गात असतील."

मी हातभर अंतरावर बसले होते. आजोबांनी माझ्याकडे बघितलं नाही. त्यांनी चाचांना पुन्हा विचारलं, "फाटकाच्या आत गेल्याली बघितली का तुमी?" चाचांनी पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगितलं, बॅटरी कुठे ठेवली तेही. आजोबा मान हलवत ऐकत राहिले.