पेंडी सरते तिथे थांबणारं गाणं

आमच्या घरातली पहिली पदवी माझी. आईने दुसऱ्यांच्या शेतात रोवण्याला, म्हणजे भाताच्या लावणीला, जाऊन ती पुरी करून दिली. पुढे मी चंद्रपूरला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवू लागले. क्लासने काढून टाकलेला जुना कॉम्प्युटर मला मिळाला आणि एका विद्यार्थ्याने दिलेल्या सीडीतून गाणी रेकॉर्ड करायचं सॉफ्टवेअर. सूर-ताल मी कुठे शिकले नव्हते. वर्षभरात एकही गाणं पूर्ण झालं नाही. अर्धवट गाणं पुसताना दरवेळी वाटायचं, हे आपल्यासारख्यांचं काम नाही.

दसऱ्याला चिमूरकडच्या आमच्या गावी गेले. तिथल्या नाटक मंडळाचं सगळं मोठेबाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, पाहायचे. दिवाळीनंतरच्या मंडईच्या, म्हणजे गावच्या जत्रेच्या, नाटकात एक लग्नाचा आणि एक भाताच्या रोवण्याचा प्रसंग होता, रोवण्यामागे वाजवायला गाणं हवं होतं. जमलं तर तुझं, नाही तर बाजारातली कॅसेट लावू, असं ते सरळच म्हणाले. मी हो म्हणून बसले.

आई रोवताना गायची तेच गाणं घ्यायचं ठरवून तिला चंद्रपूरला खोलीवर आणलं. तिच्या कानाला हेडफोन लावला. त्यात कॉम्प्युटर एकसारखा टक्-टक् ठोका द्यायचा, तो धरून गायचं. आई दोन ओळी नीट गायची आणि थांबायची. ठोका पुढे निघून जायचा. दोन दिवस हेच चाललं. ते थांबणं कापून मी ओळी जोडल्या, तर गाणं धापा टाकत पळू लागलं. शेवटी मोठेबाबांना कॅसेटच लावा म्हणून फोन करायला मी उठले.

आईने हेडफोन काढून ठेवला.

"बाई, तुह्या मशिनीची पेंडी कधी सरतच नाई का?"

रोवताना डाव्या हातात पऱ्ह्याची, भाताच्या रोपांची, पेंडी असते. ती सरली की मागे पडलेली दुसरी उचलायची, तिचा बंध सोडायचा. तेवढा वेळ गाणं थांबतं. आई चुकत नव्हती, पेंडी घेत होती. मी स्वतः लहानपणी तिच्यासोबत बांधीत, भाताच्या खाचरात, रोवलं होतं, आणि तिलाच ताल शिकवत होते.

मी ठोका बंद केला. हातात धरायला काहीतरी दे, आई म्हणाली, तर घरात मेथीच्या दोन जुड्या होत्या. ती वाकून फरशीवर एकेक काडी ठेवत मागे सरकू लागली. माईक धरून मीही तिच्यासोबत सरकले. जुडी संपली, ती थांबली, दुसरी सोडली, पुन्हा गायली. नंतर ढोलकी घातली ती तिच्या थांबण्यात गप्प राहील अशी.

तालमीत गाणं त्या जागी थांबलं तसं मोठेबाबांनी माझ्याकडे पाहिलं. रोवण्याच्या प्रसंगाला गावातल्याच बाया घेतल्या होत्या. कुणी न सांगता त्या थोड्या ताठ झाल्या, हात मागे नेले, आणि गाणं सुरू होताच पुन्हा वाकल्या.

"बाजारातली कॅसेट नाई लागत आता," मोठेबाबा म्हणाले. "पण लग्नाच्या प्रसंगाचं गाणं काऊन नाई आणलं?"