चपला बाहेर

शाळेतल्या माणसाला किस्से शोधायला जावं लागत नाही. खडू संपतात, किस्से संपत नाहीत. त्यात पाटोदा तालुक्यातली आमची जिल्हा परिषदेची शाळा दर बुधवारी व्हिडिओ कॉलवर थेट नॉर्वेतल्या शाळेशी बोलायला लागली, तेव्हापासून आम्हा मास्तरांना दुसरा विषयच उरला नाही.

*

पहिल्याच कॉलला तिकडच्या इंग्रिडबाईंनी फोन हातात घेऊन शाळा फिरवून दाखवली. पुस्तकांची खोली, सुतारकामाची खोली, नुसती गाण्याची वेगळी खोली! आमच्याकडे एकाच खोलीत तिसरी ते पाचवी बसते. पोरं तोंड उघडं टाकून बघत होती. मला वाटलं, आता ही हिरमुसणार. तेवढ्यात दाराजवळ बुटांची रांग दिसली आणि पाचवीतली सोनाली ओरडली, "सर, ती बी चपला भाईर काढत्यात!"

त्यानंतर सगळ्यांना ती शाळा ओळखीची वाटायला लागली.

*

तिकडे लहान वर्गांना मार्कच देत नाहीत, असं कळलं. मग नापास कोण होतं, असं आमच्या पोरांनी विचारलं. कुणीच नाही, म्हणाल्या बाई. वर्गात एवढी शांतता मी तपासणीलासुद्धा पाहिलेली नाही.

*

एकदा तिकडच्या पोरांनी डबे दाखवले. घरून आणलेला गार पाव, वर चीज. शाळेत गरम जेवण मिळत नाही म्हणे. आमची खिचडी नुकतीच वाढून झाली होती. सोनालीनं आपलं ताट स्क्रीनसमोर धरलं.

"सर, येवढ्या थंडीत गार खात्यात? आपली खिचडी धाडता येती का?"

मी ते इंग्रजीत सांगितलं. इंग्रिडबाईंनी रेसिपीच मागितली. आमच्या स्वयंपाकाच्या मावशी आठवडाभर हवेत होत्या.

*

तिकडे पोरगं एक दिवस आलं नाही तरी शाळेतून घरी फोन जातो. हे ऐकून मीच थक्क झालो. दिवाळीनंतर आम्ही फोन करायचा तर कुठल्या घरी? अर्धं गाव ऊसतोडीला गेलेलं असतं, आणि पोरं सोबत.

सोनाली मागच्या वर्षी अशीच गेली आणि परत आली ती भागाकार विसरून. यंदा तिला ठेवून घ्यायचंच म्हणून मी तिच्या वडिलांना भेटलो. वसतिगृहाचं बोलून पाहिलं.

"ठिवली असती सर," ते म्हणाले, "पर आमी दोगं फडात उतरल्यावर बारकं कुनापशी ठिवू?"

ट्रॅक्टरवर चढताना सोनालीनं एवढंच विचारलं, की बुधवारचा कॉल उसाच्या फडात लागतो का. लिंक पाठवतो म्हणालो. लागेल असं मला वाटत नव्हतं.

*

पुढच्या बुधवारी आमचा अर्धा रिकामा वर्ग बघून इंग्रिडबाईंनी विचारलं, सुट्टी आहे का? मी ऊसतोड म्हणजे काय ते सांगायला लागलो, तेवढ्यात स्क्रीनवर आणखी एक चौकोन उघडला.

बापाच्या फोनवर सोनाली! मांडीवर धाकटा भाऊ, मागे ऊसतोड मजुरांच्या झोपड्या. फाटक्या ताडपत्रीवर झोपड्याझोपड्यांतली बारकी पोरं ओळीनं बसलेली, आणि समोर मातीत काडीनं मांडलेला भागाकार.

इंग्रिडबाई पुढे वाकल्या. मग हळूच विचारलं, हे कुठलं ठिकाण? मी सोनालीला मराठीत विचारलं.

तिनं फोन खाली वळवला. ताडपत्रीच्या कडेला धुळीनं माखलेल्या छोट्या छोट्या चपला ओळीनं लावलेल्या होत्या.

"दिसंना का सर? शाळा हाय."