डेरिकचं घर चार गल्ल्यांवर

सोलापूर स्टेशनवर गाडी हलली तेव्हा आई खिडकीबरोबर चालत आली. "तितं बंदुका लई हायत म्हणं. येळेत घरात येत जा," म्हणाली. वडील, म्हणजे अण्णा, एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यातून तसेच आले होते, केसांत सुताचे तंतू.

त्याला सहा वर्षं झाली. अमेरिकेत बाल्टिमोरच्या एका हॉस्पिटलात मी फिजिओथेरपिस्ट आहे. घरचे फोनवर काम कसं चाललंय विचारतात, मी 'मजेत' म्हणून मोकळा होतो. खरं सांगायचं तर माझे कितीतरी पेशंट गोळी लागून वाचलेली काळी पोरं असतात.

डेरिक त्यातलाच. वीस वर्षांचा, बेकरीत कामाला. बस स्टॉपवर उभा असताना दुसऱ्यांच्या भांडणातल्या दोन गोळ्या याला लागल्या. एक काढली, एक मांडीतच राहिली. तो शुद्धीवर आल्यावर पोलिसांनी पहिलं विचारलं, कुठल्या टोळीचा तू? हे तो हसत सांगायचा.

एकदा त्याला कॉरिडॉरमध्ये चालवत होतो. मागं कुणाच्या तरी हातून ट्रे पडला. डेरिकनं वॉकर सोडून जमिनीवर अंग टाकलं. मीही शेजारी फरशीवर बसलो. त्यानं विचारलं, "तू घर सोडून आलास. परत जावंसं वाटतं?"

"रोज."

"माझं घर इथून चार गल्ल्यांवर आहे," तो म्हणाला. "आई वाट बघतेय. पण गोळी झाडणाराही त्याच रस्त्यावर राहतो."

डिस्चार्जच्या दिवशी तो घरी गेलाच नाही. आईनंच बॅग भरून आणली आणि त्याला लांब राहणाऱ्या मावशीकडं धाडलं.

या मे महिन्यात मी सोलापूरला आलो. आईबरोबर शुक्रवार पेठेतून येताना वरातीत फटाक्यांची माळ लागली, आणि मी तिला ओढून एका दुकानाच्या आडोशाला नेलं. लोक हसले. आई हसली नाही. घरी आल्यावर तिला डेरिकचं सगळं सांगितलं.

"आईला फोन करतो का रं त्यो?" तिनं विचारलं.

मला माहीत नव्हतं. तिथंच बसून त्याला मेसेज टाकला. उत्तर आलं, रोज करतो. आज काठी घेऊन एकटा दुकानापर्यंत जाऊन आलो.

"तू हितंच ऱ्हा की आता," आई म्हणाली. तिकीट रविवारचं होतं.

घर म्हणजे काय, असं पूर्वी कुणी विचारलं असतं तर मी खूप काही बोललो असतो. आता वाटतं, जिथं कधीही, न घाबरता परत जाता येतं, तेच. मला तसं एक आहे. डेरिकला ते सांगायची मात्र लाज वाटते.